काही आठवड्यांपुरता बांध : शरीराच्या आतला रक्तस्राव थांबवणारे विरघळणारे पदार्थ



अँजिओप्लास्टी हा शब्द आता आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. चोंदलेल्या धमनीत बारीक नळी घालायची आणि वाट मोकळी करायची, हे त्यातले सूत्र. याच्या बरोबर उलटे काम करणारा एक उपचार आहे, पण त्याचे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते. त्यात वाहती धमनी नळी घालून मुद्दाम बंद करतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. बाळंतपणानंतर न थांबणारा रक्तस्राव, अपघातात फाटलेले यकृत किंवा मोडलेले ओटीपोटाभोवतीचे हाड, अल्सरमधून उसळणारे रक्त, जुन्या क्षयाच्या रुग्णाला खोकल्यातून पडणारे रक्त, अशा वेळी हा उपचार जीव वाचवतो. पुष्कळदा तो अवयवही वाचवतो.

हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. या उपचाराचा प्रश्न घरच्यांसमोर येतो तो शांतपणे वाचायला वेळ असताना नाही. तो येतो मध्यरात्री, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी, हातात सहीचा कागद असताना. "गर्भपिशवी काढावी लागेल, नाहीतर रक्तवाहिनी बंद करून पाहता येईल," असे डॉक्टर सांगतात. त्यातच "आत घालायचा पदार्थ नंतर विरघळून जातो" असे कानावर पडले की घरच्यांचा धीर सुटतो. विरघळून जाणार असेल तर रक्त पुन्हा सुरू होणार नाही का? ही शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर आधीच समजून घेतले, तर त्या रात्री निर्णय घेणे थोडे सोपे जाईल.

बाहेरची जखम आणि आतली जखम

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. रक्तदान शिबिरात आपण एका वेळी ३५० मिलिलिटर देतो आणि चहा-बिस्किटे घेऊन घरी जातो. पण थोड्या वेळात दीड-दोन लिटर रक्त गेले, तर रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात आणि मूत्रपिंडासारखे अवयव थकू लागतात.

हाताला सुरी लागली की आपण बोट घट्ट दाबून धरतो. त्या दाबण्याने भोक बुजत नाही, फक्त रक्ताचा जोर कमी होतो. तेवढ्या वेळात शरीर स्वतःची गुठळी तयार करते आणि ती जागेवर टिकते. आतल्या जखमेची अडचण अशी की तिथे आपले बोट पोहोचत नाही. धमनी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली रोहिणी, थेट हृदयाच्या जोराने वाहते. तिला भोक पडले की शरीराने केलेली गुठळी धरते न धरते तोच वाहून जाते. शेतात पाट फुटला तर वाहत्या पाण्यात माती टाकून उपयोग होत नाही. आधी वरच्या अंगाला बांध घालून पाणी अडवावे लागते, मग फुटलेली जागा लिंपता येते. एम्बोलायझेशन म्हणजे असा वरच्या अंगाचा बांध.

नळी तिथवर पोहोचते कशी

ही वाट स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवली. रक्तवाहिनीत सुई घालायची, सुईतून लवचीक तार सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत न्यायची. आज अँजिओग्राफी होते ती याच पद्धतीने.

एम्बोलायझेशनमध्ये जांघेतून किंवा मनगटातून नळी आत जाते. बहुतेक वेळा तेवढ्याच जागेला भूल देतात. नळीतून आयोडीनयुक्त औषध सोडले की एक्स-रेच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचे जाळे उमटते आणि गळती असेल तिथे औषध बाहेर पसरताना दिसते. मग त्या नळीतून आणखी बारीक, एक मिलिमीटरहून कमी जाडीची नळी गळतीच्या जवळ नेतात आणि तिच्यातून धमनी बंद करणारा पदार्थ सोडतात. हे काम करणाऱ्या तज्ज्ञांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणतात.

गंमत अशी की बंद धमनी उघडणारे आणि वाहती धमनी बंद करणारे सुरुवातीचे हात एकाच ठिकाणचे होते. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली एका वृद्धेच्या पायाची चोंदलेली धमनी नळीने उघडली. पाय कापून घ्यायला तिने नकार दिला होता. पुढे प्रागहून तिथे आलेले योसेफ रोश, स्वतः डॉटर आणि त्यांचे सहकारी ब्राउन यांनी १९७२ साली पोटातला रक्तस्राव धमनी बंद करून थांबवल्याचे प्रसिद्ध केले. धमनी बंद करायला त्यांनी वापरली होती रुग्णाच्याच रक्ताची गुठळी.

गुठळीपासून जिलेटिनपर्यंत

स्वतःच्या रक्ताची गुठळी वापरणे ही कल्पना सुंदर होती. बाहेरचे काही शरीरात जात नाही आणि खर्चही नाही. पण नको असलेल्या गुठळ्या विरघळवण्याची सोय निसर्गाने आपल्या रक्तातच करून ठेवली आहे. त्यामुळे अशी गुठळी काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत विरघळायची आणि जखम भरण्याआधीच बांध फुटायचा. म्हणून जास्त टिकणाऱ्या, तरीही कायम न राहणाऱ्या पदार्थाची गरज होती.

तो पदार्थ शस्त्रक्रियागृहात आधीपासूनच होता. जिलेटिनचा स्पंज सर्जन १९४० च्या दशकापासून रक्त थांबवायला वापरत होते. दात काढल्यावर काही वेळा दंतवैद्य खड्ड्यात पांढरा, हलका तुकडा ठेवतात, तो बहुधा हाच. जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेनपासून काढलेले प्रथिन. जेली घट्ट होते ती त्याच्यामुळेच. त्याला फेस आणून वाळवले की असंख्य छिद्रांचा स्पंज तयार होतो आणि तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट रक्त शोषून धरतो.

एम्बोलायझेशनसाठी डॉक्टर या स्पंजचे एक-दोन मिलिमीटरचे तुकडे कापतात आणि एक्स-रेत दिसणाऱ्या औषधात भिजवतात. मग दोन सिरिंज एकमेकींना जोडून ते मिश्रण इकडून तिकडे ढकलत राहतात, म्हणजे त्याची दाटसर पेज होते. ती नळीतून हळूहळू सोडली की तुकडे धमनीत अडकतात, फुगतात आणि त्यांच्या छिद्रांत रक्त गोठते. म्हणजे बांधाचा सांगाडा जिलेटिनचा आणि लिंपण रुग्णाच्याच रक्ताचे.

पुढच्या दिवसांत शरीरातली विकरे आणि पेशी हे प्रथिन पचवू लागतात. साधारण तीन ते सहा आठवड्यांत स्पंज नाहीसा होतो आणि बहुतेक वेळा धमनीतून रक्त पुन्हा वाहू लागते.

मग रक्तस्राव पुन्हा का होत नाही?

सुरुवातीच्या शंकेचे उत्तर इथे आहे. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंटरिंग लावतात. काँक्रीट ओले असताना सगळा भार त्या फळ्यांवर आणि टेकूंवर असतो. काँक्रीट आवळले की सेंटरिंग काढून टाकतात, आणि स्लॅब काही खाली येत नाही. जिलेटिनचा स्पंज हे सेंटरिंग आहे, आणि स्लॅब म्हणजे शरीराने स्वतः भरून काढलेली जखम.

रक्ताचा जोर अडला की फाटलेल्या जागी पक्की गुठळी धरते. काही दिवसांत दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिथे येऊन नवे तंतू विणू लागतात. काही आठवड्यांत तिथे व्रणाची पक्की ऊती तयार होते. धमनी पुन्हा वाहू लागेपर्यंत भोक उरलेले नसते. म्हणून या पदार्थाची परीक्षा तो किती टिकतो यावर होत नाही. जखम भरायला लागतो तेवढा काळ तो टिकला म्हणजे पुरे. त्याहून जास्त टिकला, तर पलीकडच्या निरोगी भागालाच रक्ताची टंचाई भासू शकते.

सगळ्यात चांगले उदाहरण बाळंतपणाचे. बाळ आणि वार बाहेर आल्यावर गर्भाशय आवळते आणि त्याच्या स्नायूंच्या उभ्या-आडव्या विणीत सापडलेल्या रक्तवाहिन्या पिळल्यासारख्या बंद होतात. हे आवळणे नीट झाले नाही, तर रक्त थांबत नाही, कारण भरल्या दिवसांत गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख स्त्रियांना बाळंतपणानंतर असा अतिरक्तस्राव होतो आणि सुमारे ७० हजार जणी त्यात दगावतात.

यात पहिले उपाय औषधांचे असतात. गर्भाशय आवळणारी इंजेक्शने, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड, आतून दाब देणारा फुगा. त्यांनीही भागले नाही, तर पूर्वी गर्भाशय काढणे हाच शेवटचा मार्ग उरत असे. पंचविशीतल्या मुलीसाठी त्याचा अर्थ काय, हे सांगायला नको. धमनी बंद करून हा रक्तस्राव थांबवता येतो, असा पहिला अहवाल १९७९ साली आला. डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजूंच्या धमन्या बंद कराव्या लागतात, कारण एकच बंद केली तर दुसरीकडचे रक्त आतल्या आत येऊन पोहोचते. प्रसिद्ध झालेल्या बहुतेक अभ्यासांत हा उपाय दहापैकी सुमारे नऊ जणींच्या बाबतीत यशस्वी ठरला आहे.

इथे विरघळणारा पदार्थच का, हेही आता लक्षात येईल. गर्भाशयाला मूळ आकारावर यायला सुमारे सहा आठवडे लागतात. आपल्या घरांत बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात, साधारण तेवढाच हा काळ. तोवर स्पंजही पचून गेलेला असतो. बहुतेक जणींना पाळी पूर्ववत येते आणि पुढे दिवस राहून सुखरूप बाळंतपणे झाल्याचीही उदाहरणे आहेत. मात्र पुढच्या वेळी वारेची गुंतागुंत पुन्हा होऊ शकते, म्हणून झालेल्या उपचाराची माहिती नव्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत द्यावी.

विरघळणारा पदार्थ कुठे चालत नाही

प्रत्येक रक्तस्रावाला तात्पुरता बांध पुरत नाही. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात खड्डे आणि फुगलेल्या रक्तवाहिन्या मागे राहू शकतात. पुढे वर्षांनी खोकल्यातून अचानक ओंजळभर रक्त पडते. आपल्या देशात क्षयाचे रुग्ण पुष्कळ, त्यामुळे हा प्रसंग काही विरळा नाही. यात श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या धमन्या बंद करण्याची पद्धत फ्रान्समधील जॅक रेमी यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. पण इथे जखम सहा आठवड्यांत भरणारी नसते, मूळ दोष तसाच राहतो. जिलेटिन विरघळले की धमनी उघडते आणि रक्त पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा वेळी न विरघळणारे प्लास्टिकजन्य बारीक कण बहुधा वापरतात. ते वापरूनही काही जणांना पुढे पुन्हा उपचार करावे लागतात, हे आधी ठाऊक असलेले बरे.

धमनीच्या भिंतीला फुगवटा येऊन तो फुटला असेल, तर धातूच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आत सोडतात. ते कायमचे राहते. काही वेळा झटपट चिकटणाऱ्या घरगुती गोंदाच्या कुळातला वैद्यकीय गोंद वापरतात. तो रक्ताला लागताच आवळतो. म्हणून त्याचा वेग आवरायला तो आयोडीनयुक्त तेलात मिसळतात, आणि ते तेल असते खसखशीचे.

पुष्कळदा दोन्ही प्रकार एकत्र येतात. जठराच्या पुढच्या आतड्यातल्या अल्सरजवळच्या धमनीला दोन्ही बाजूंनी रक्त येते. दुर्बिणीने रक्त थांबले नाही, तर डॉक्टर गळतीच्या पलीकडे कॉइल ठेवतात, मध्ये जिलेटिन भरतात आणि अलीकडे पुन्हा कॉइल ठेवतात. पुढच्या दाराबरोबर मागचे दारही बंद करावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या टोकाला काही मिनिटांपुरता टिकणारा पदार्थ आहे. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतले अ‍ॅमायलेज पिष्टाची साखर करते. हेच विकर रक्तातही असते. पिष्टाचे सूक्ष्म गोळे धमनीत सोडले, तर ते त्यांना तासाभराच्या आत पचवू लागते. रक्तस्रावाला हे पुरत नाही. पण यकृताच्या कर्करोगात औषध थोडा वेळ तिथेच धरून ठेवायला ते उपयोगी पडते. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीची पॉलिमर, शेवाळापासूनचे अल्जिनेट आणि कोळंबीच्या कवचापासूनचे कायटोसान यांवरही संशोधन चालू आहे. ठरवलेल्या दिवशी विरघळणारा पदार्थ हाती यावा, हा त्यामागचा उद्देश.

धोके

कणांचा आकार चुकला किंवा ते भलत्या धमनीत गेले, तर निरोगी भागाचे रक्त तुटते. यकृताला त्याच्या रक्ताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वेगळ्या मोठ्या शिरेतून मिळतो, म्हणून त्याची धमनी बंद करणे बरेचसे निभावते. मोठ्या आतड्याला अशी सोय नाही, तिथे फार जपून काम करावे लागते. छातीतल्या धमन्यांजवळून मज्जारज्जूला रक्त पुरवणारी शाखा निघू शकते. तिच्यात कण गेल्यास पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून तिथे डॉक्टर आधी चित्र नीट पाहूनच कण सोडतात.

उपचारानंतर दोन-चार दिवस दुखणे, बारीक ताप आणि मळमळ होऊ शकते. जांघेतून नळी घातली असेल, तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. एक्स-रेत दिसणाऱ्या औषधाची कुणाला अ‍ॅलर्जी असते, आणि मूत्रपिंड कमजोर असल्यास ते जपून द्यावे लागते. क्वचित संसर्ग होतो किंवा रक्त पुन्हा सुरू होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या स्पंजांपैकी एक, जेलफोम, डुकराच्या कातडीच्या जिलेटिनपासून बनतो. आपल्या सभासदांत निरनिराळ्या आहाराचे आणि श्रद्धांचे लोक आहेत. कुणाला यात अडचण वाटत असेल, तर ती डॉक्टरांना संकोच न करता सांगावी. दुसरा पर्याय आहे का आणि त्याने धोका वाढेल का, हे ते सांगतील. हा विचार घरात आधीच झालेला असला, तर अधिक बरे.

घरच्यांनी काय करावे

या उपचाराला एक्स-रेची खास यंत्रणा असलेली खोली, म्हणजे कॅथलॅब, आणि त्यातला तज्ज्ञ लागतो. बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा शहरांत ही सोय आहे, तालुक्याच्या गावी बहुधा नसते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, आणि माहेर पुष्कळदा लहान गावी असते. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच काही गोष्टी विचारून ठेवाव्यात:

- सोनोग्राफीत वार खाली आहे का? आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर ती चिकटलेली आहे का? तसे असल्यास बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच ठरवावे.
- रक्तपेढी किती जवळ आहे? मुलीचा रक्तगट सहज मिळणारा आहे का?
- रक्तस्राव थांबला नाही तर रुग्णाला कुठे हलवणार? तिथे रात्रीही कॅथलॅब चालते का?

प्रत्यक्ष प्रसंगी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. रुग्णाची प्रकृती हलवण्याजोगी आहे का? धमनी बंद करणे आणि शस्त्रक्रिया यांत लवकर काय होईल? वापरणार तो पदार्थ तात्पुरता की कायमचा, आणि तोच का? नाही जमले तर पुढची पायरी कोणती?

पण प्रश्नांच्या नादात वेळ दवडू नये. रक्तदाब सावरत नसेल आणि कॅथलॅब दूर असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य, आणि गर्भाशय काढण्याचा निर्णयही तेव्हा जीव वाचवणाराच असतो. त्यासाठी पुढे कुणी कुणाला बोल लावू नये. घरी असताना डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, खोकल्यातून रक्त किंवा बाळंतिणीचे पॅड भराभर भिजणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगावे.

आणि जिथे हा उपचार होतो तिथेही आधी रक्ताची पिशवी लागते. धमनी बंद होईपर्यंत रुग्णाला तगवून धरते ते कुणीतरी दिलेले रक्तच. मंडळाच्या पुढच्या रक्तदान शिबिराला येताना एवढे लक्षात असू द्यावे.